राखीव

जिंतूरला, मुलींच्या कबड्डीच्या दुसऱ्या दिवशी
मला टेबल मिळालं ते
पाण्याचा टँकर आणि पंचांच्या चपला यांच्यामधे.
टेबलावर 'अंतर्वेध' मासिकाचे साठ अंक,
पावतीपुस्तक, कार्बन,
आणि डोक्यात संपादकांचं एक वाक्य:
वाचकाच्या डोळ्यात बघून बोलायचं.

वाचक मैदानाकडं बघत होते.

एक काका आले, अंक उलटसुलट करून म्हणाले,
गुडघ्यावर चालतंय का हे?
औषध नाही काका, मासिक आहे.
नाव तर औषधाचंच ठिवलंय की, म्हणाले, आणि गेले.
एकानं तो उन्हाला आडवा धरला डोक्यावर,
आणि लोण चढलं तेव्हा आनंदानं तोच उडवला.
पंचांनी खेळ थांबवला.
मी मैदानात जाऊन
बोरीच्या मुलीच्या पायाजवळून अंक उचलून आणला.
तेवढ्याच टाळ्या मला दिवसभरात मिळाल्या.

माझी इंटर्नशिप दोन महिन्यांची.
मानधन नाही, प्रमाणपत्र आहे.
उद्दिष्ट पन्नास वर्गणीदार.
तीन वाजेपर्यंत चार:
दोन शिक्षक, त्यांच्याच शाळेचा बिचारा लिपिक,
आणि निवेदक कादरी सर, ज्यांनी माइकवरून सांगितलं,
"ज्ञानाची पकड मजबूत करा, फक्त तीनशे रुपयांत!"
आणि स्वतःच इतके हसले
की एक बोनस गुण सांगायचा राहून गेला.

ती टेबलाच्या सावलीत कधी येऊन बसली, कळलं नाही.
बारा नंबर. येलदरीकडच्या शाळेची राखीव खेळाडू.
मांडीवर अंक, ओळीखाली बोट,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मैदानात तिच्या तिघी बाद,
ती बेचाळिसाव्या पानावर.

ताई, ही बाई शेवटाला मशीन कामून इकती?

कुठली बाई?
मी मुखपृष्ठाकडं बघितलं, जणू ती तिथं असेल.
साठ अंक मी परभणीहून पाठीवर आणले होते,
एस.टी.त उशाला घेतले होते,
त्यातली एक गोष्ट वाचली नव्हती.
म्हटलं, ते वाचकानं ठरवायचं असतं.

तिनं माझ्याकडं बघितलं,
रेषेला पाय लागलाच नाही म्हणणारीकडं
पंच बघतात तसं.

तेवढ्यात तिच्या बाईंनी हाक मारली.
शेवटची तीन मिनिटं, सात गुणांनी मागे.
कोपरा दुमडू का, तिनं विचारलं,
मी मान हलवायच्या आधी दुमडला, आणि गेली.
आता त्याच ओठांना आवाज होता,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
एकीला शिवली, वळली,
मध्यरेषेच्या वीतभर अलीकडं
चौघींनी तिला मातीत दाबून धरलं.
हात पुढं. बोटं रेषेकडं.
दम तिथंच तुटला.

परत आली. कोपर सोललेलं.
बसली, आणि दुमडलेलं पान उघडलं.

सामना संपल्यावर म्हणाली, माझ्याकडं एकशेपन्नास हायत.
सहा महिन्यांची योजना आमच्याकडं नव्हती.
मी पावती फाडली.
नाव: वनिता आडे.
पत्त्याला मात्र ती अडली.
तांड्यावर पोस्टमन येत नाही,
फाट्यावर येतो, ते बी त्याच्या मनावर.
मग सांगितलं, मार्फत दुर्गा किराणा, तांडा फाटा,
आणि कार्बनखालची प्रत उचलून
पत्ता तिकडं उमटलाय का ते बघून घेतलं.

अंक तिनं माझ्यापुढं सरकवला.
हा तुमचा. माझा पुढच्या महिन्यात येईल.
ठेव म्हणायचं मला सुचलं तेव्हा
त्यांचा टेम्पो निघाला होता.

शेवटच्या बसमधे हिशोब केला. नऊ पावत्या.
एकीत दीडशे कमी, ते माझ्या पर्समधून.
मग दुमडलेला अंक काढला.
समासात अंगठ्याएवढी माती.
गोष्ट पहिल्यापासून वाचली,
बाई, मशीन, दारात उभा गिऱ्हाईक,
शेवटच्या ओळीपर्यंत आले,
मशीन कामून इकती, मलाही कळलं नाही.
पुन्हा मागं गेले.

बोरीला ड्रायव्हरनं दिवा बंद केला.
माझं बोट अजून ओळीखाली होतं.