हातचा

विदिन. डॅन्यूब धुक्यात आहे, म्हणजे नाहीच.
दुसऱ्या मजल्यावर हीटर आतून ठोके देतो
आणि मी, झद्रावका, जिच्या नावात तब्येत आहे,
मरणाची कारणं अंकांत लिहिते.

ऑफिसला येताना लिंडनच्या झाडावरचे कागद मोजते.
माणूस गेला की आमच्याकडे त्याचा फोटो छापून
दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात.
आज अकरा.
पण अकरा म्हणजे अकरा नव्हेत.
तीन चाळिसाव्या दिवसाचे, एक वर्ष झाल्याचा,
एका बाईंचा दोनदा लागलाय, एक सुनेनं, एक लेकीनं,
दोघी बोलत नाहीत.
उरले सहा.
नोंदवहीत या गल्लीचे चार.
दोघे कुठे गेले, हे शोधायचा मला पगार मिळतो.
चौघे कुठे गेले, हे मला कुणी विचारत नाही.

दाखल्यावर असतं : हृदयक्रिया बंद.
ती सगळ्यांचीच पडते, त्याला कारण म्हणत नाहीत,
म्हणून फोन करायचा, विचारायचं : डॉक्टर, त्याआधी?
डॉक्टर वेलिच्कोव्ह थकलेले असतात.
त्याआधी तो जिवंत होता, बाई.

जिन्यात अस्पारुह काका मोबाईल नाचवतात :
बघ, लशीनं इतक्यांना त्रास! सरकारी आकडा आहे!
काका, हा वरचा अंश झाला. खालचा छेद कुठाय?
किती जणांपैकी?
ते म्हणतात, तू त्यांचीच.
अंशावरून सगळं गाव भांडतं,
छेद तळघरातल्या बटाट्यांसारखा, खाली, अंधारात,
सगळ्यांना पुरून उरलेला.

तरी त्या नोंदी मी नीट वाचते.
ताप. दंड दुखणं. ताप.
एक खरोखरीची वाईट, ती तीनदा तपासून वर पाठवली,
आकडा एकच आहे म्हणून त्या घरात तो हलका नसतो.
आणि एक अशी :
गेंचो, वय एक्याऐंशी, एकटे राहतात.
लस घेतल्यावर दोन दिवस रडू.
खाली नर्स गिंकाच्या अक्षरात :
म्हणतात, दंडाला कुणी हात लावून नऊ महिने झाले होते.
याला कोड नाही.
मी 'इतर' मध्ये टाकलं.

गिंकाचा फोन येतो. कुपी सहा जणांची उघडली,
आले दोघे. चार डोस वाया. त्याला रकाना आहे ना?
आहे.

जे म्हणाले 'पुढच्या आठवड्यात बघू', त्यांना नाही.
म्लादेनला भीती नव्हती, हट्टही नव्हता,
त्याला बॉयलर दुरुस्त करायचा होता.
अँब्युलन्स येईपर्यंत तो खुर्चीत बसून
खिडकीच्या काचेवर श्वास मोजत होता, असं वहिनी सांगते.
चाचणी झाली नाही, म्हणून त्या रकान्यात नाही.
माझा भाऊ सापडतो तो थेट शेवटच्या तक्त्यात :
गेल्या पाच वर्षांची सरासरी, तेवढे अपेक्षित,
त्यावरचे जादा.

आईला मी हे सांगितलेलं नाही,
की तुझा मुलगा जादा आहे.

लहानपणी स्वयंपाकघरात त्यानंच मला बेरीज शिकवली,
घेवड्याचे दाणे मांडून.
स्वतः मात्र हातचा विसरायचा.
सात आणि आठ पाच, म्हणायचा, आणि पुढे.
अरे, हातचा एक!
तो मूठ उघडून दाखवायचा. दाणा खाल्लेला असायचा.

चार वाजता तक्ता सोफियाला जातो.
साडेचारला आईचा फोन : आज किती?
मी आकडा सांगते.
त्यात आपला धरलाय का गं?

मी पुन्हा एककापासून सुरू करते,
मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं,
आणि दशकाशी येऊन
थांबते.