रंगाचा रकाना

मे महिना, पहाटेचे साडेचार.
उम्म अल कुवैनच्या खाडीत
पाणी अजून तव्याच्या बुडासारखं.
हिदायत सारंग इंजिन बंद करतो,
वल्ह्यानं होडी तिवरांत घालतो.
माझ्या मांडीवर बर्फाची पेटी.
आठवडाभर दवाखान्यात माणसांचं रक्त तपासते,
सुट्टीच्या दिवशी बगळ्यांचं.

घरटं म्हणजे वाळक्या काटक्या,
निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा,
आणि दोन पिल्लं:
एक पांढरं,
एक पाटीसारखं काळं, हनुवटीखाली मात्र
खडू पुसायचा राहून गेलेला.
दोघांच्या तोंडाला एकाच मासळीचा वास.

"एकाच आवशीची," हिदायत म्हणतो.
"गोरो कित्याक, ह्या कोण इचारता काय?
मग काळो कित्याक, ह्या तरी कित्याक इचारतंस?"

मी उत्तर देत नाही. हातात सुई आहे.
पंखाच्या आतली शीर, एक थेंब.
दोन्ही थेंब लालच, यात सांगण्यासारखं काही नाही,
तरी हिदायत वाकून बघतो.

डॉक्टर आमना इद्रीस यांनी समजावलं होतं:
चारच अक्षरं असतात,
ना वेलांटी, ना उकार,
आणि कुठेतरी एखादं अक्षर बदललं
की पिसाच्या मुळाशी शाईची दौत कलंडते.
मी आपली माझ्या लिपीत समजून घेतलं:
'कळा'वर एक काना पडला की 'काळा'.
तो काना शोधायचा.
कितीतरी पक्ष्यांत तो एकाच ठरलेल्या जागी सापडलाय,
म्हणून आधी तिथेच बघायचं.

शेवटच्या घरट्यात तिसरंच निघालं.
राखेत बोटं बुडवून
कुणी पांढऱ्यावर पुसावीत, तसं.
डावा पंख जास्त, उजवा कमी.
फॉर्मवर दोनच चौकोन होते.
मी पेन टेकवलं, उचललं.
पाणी उतरायला लागलं होतं,
होडी गाळात बसली असती.
रकाना कोराच राहिला.

ऑक्टोबरात अहवाल आला.
त्रेसष्ट नळ्या, ठरलेली जागा,
काळ्यांत आणि पांढऱ्यांत
अक्षर न् अक्षर सारखं.
काना तिथे नाही.
असेल दुसरीकडे, दुसऱ्या कुठल्या पानावर,
किंवा एक नसेल, चार-पाच ठिकाणी थोडा थोडा.
आमनाबाई हसल्या, म्हणाल्या, पुढच्या मे महिन्यात पुन्हा.
मलाही वाईट वाटलं नाही.
का ते माहीत नाही.

लहानपणी आम्ही संध्याकाळी
नखांवर नखं घासत
वरून जाणाऱ्या बगळ्यांकडे कवडी मागायचो.
दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला
की बगळ्यानं ऐकलं.
काळ्या बगळ्याकडे काय मागतात,
आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं.
काळा बगळाच आम्ही पाहिला नव्हता.

परवा नांगर ओढताना
हिदायतचा अंगठा साखळीत सापडला.
आज नख पूर्ण काळं.
मी पट्टी बांधत होते
आणि समोर ओल्या वाळूवर
एक काळा, एक पांढरा,
पिवळे तळवे पाण्यात हलवून
मासे उठवत होते, आपापले.

"दिलान बघ," हिदायत अंगठा उंच धरून म्हणाला,
"काळ्यान कवडी."

वहीत तारीख घातली.
वारा, भरतीची वेळ, पक्षी दोन.
रंगाच्या रकान्यापाशी
हात आज जरा वेळ थांबला.