पट नऊ, मॉड्यूल बारा

जांबोटीच्या पुढं चढ संपतो तिथं
फोन माझं गोव्यात स्वागत करतो.
गोवा अजून लांब आहे.
मी सड्यावर, स्कूटी स्टँडवर,
रेंजची एक काडी, कधी दोन,
आणि त्याही या टॉवरच्या की त्या टॉवरच्या
हे वारा ठरवतो.

वय त्रेचाळीस. मराठी शाळेची बाई.
डीएड, बीए, आणि आता
शैक्षणिक तंत्रज्ञानात एमए, ऑनलाइन, दुसरं सत्र.
अर्ज भरताना राज्य निवडलं कर्नाटक,
तर भाषेचा चौकोन आपोआप भरला: कन्नड.
खोडलं. परत भरला.
कन्नडचा राग नाही मला,
शिवलीला मॅडमचा डबा मी रोज अर्धा खाते,
पण विचारून तरी भरायचं.
चौथ्या खेपेला 'इतर' सापडलं.
त्याच्यावर बोट ठेवलं तेव्हा वाटलं,
यात आपण सगळे मावतो का, बघायला पाहिजे.

लुमाण्णा खालून ओरडतो,
काय करूलीस गं अंधारात?
शिकूलोय, म्हणते.
तो बॅटरी घेऊन वर येतो, एक ताट, एक उलथनं.
फणस पिकलेत, अस्वलं उतरतात.
कानात प्राध्यापक सांगत असतात
शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवा,
आणि मागं माझा नवरा ताट बडवतो.
कुणाकडं तरी आरती चाललीय,
प्राध्यापक म्हणाले, कृपया म्यूट करा.
मी म्यूट केलं.
अस्वलाला कुठं म्यूट करू?

मॉड्यूल बारा. शाळेचा पट नऊ.
हे गणित मी रात्री पडल्या पडल्या करते,
भागाकार जात नाही.
पट असाच राहिला तर आपली शाळा मिळवतील खालच्या शाळेत,
शिवलीला मॅडमनी परिपत्रक वाचून सांगितलं.
दुसऱ्यांदा मी माझं मीच वाचलं.
अक्षर लागतं आता. अर्थ तोच निघाला.

पहिला स्वाध्याय: वर्गातलं एक तंत्रज्ञान निवडा,
ते काय करू देतं, काय करू देत नाही, लिहा.
टीव्ही आहे आमच्याकडं, देणगीतला.
त्याला पाय तीन, भिंतीला भोकं दोन,
म्हणून कपाटात असतो
आणि पाल त्याच्यामागं अंडी घालते.
मी पाटीवर लिहिलं.
पाटी पुसता येते, साठवता येत नाही.
चार्जिंग लागत नाही, थुंकी लागते.
चूक केलेली पोरालाच दिसते, नंतर कुणालाच नाही.
दीड हजार शब्द लिहिले, हातानं आधी, मग अंगठ्यानं.
शंभरात एकसष्ट.
शेरा: ओघवतं आहे, पण तंत्रज्ञान कुठं आहे?

काल बिरू येडगे वर आला.
रेडकू चुकलं होतं त्याचं.
माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला
चौकोनात चौकोन, चौकोनात माणसं,
एक आफ्रिकेतली बाई बाळाला पाजत,
एक आजोबा, नुसतं कपाळ दिसणारे,
आणि कोपऱ्यात मी, मागं काळोख,
माझ्या कानाशी त्याचं अर्धं तोंड.
स्वतःला बघून तो मागं सरला. मग पुन्हा पुढं.
बाई, ही तुमची शाळा?
होय.
पट किती?
सत्तेचाळीस.
त्यानं बोटांवर काहीतरी केलं.
मग तुमची नाही मोडणार, म्हणाला,
आणि रेडकाला हाका मारत उतरला
अशा भाषेत, जी कुठल्याच यादीत नाही.

अकरा वाजून बावन्न.
फाईल चढते आहे, गोल गोल.
गोव्यात आपलं स्वागत आहे.
लुमाण्णा ताटावर डोकं टेकून झोपलाय.
खाली झाडीत काहीतरी मोडलं,
फांदी असेल.
मी फोन आणखी उंच धरला.