जन्मतारीख

गेमनं वय विचारलं तेव्हा
निषादनं माझी जन्मतारीख टाकली.
मला ते कळलं थेट सात नोव्हेंबरला.
पडद्यावर फुगे उडाले
आणि बारा वर्षांच्या माझ्या मुलाला
सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या,
सोबत भेट म्हणून एक सोनेरी रायफल.

मी कलेक्टर कचेरीत बसतो,
शस्त्र-परवान्यांच्या टेबलावर.
ग्वाल्हेरात हे टेबल कधी रिकामं राहत नाही.
भिंड-मुरैनाकडची माणसं येतात,
कानांना मफलर, बगलेत फाइल,
फाइलीखाली गजकाचा डबा.
डबा मी परत करतो.
(एकदा केला नव्हता.)
शस्त्र कशासाठी हवं, या रकान्यात
सगळे लिहितात, आत्मरक्षा.
सिकरवार नावाचा एक म्हातारा तेवढा खरं बोलला,
"बाबूजी, बारात में शोभा देती है."
लिहिलं मात्र त्यानंही आत्मरक्षाच.
मीच सांगितलं, असं लिहा म्हणून.

एकविसाला एक दिवस कमी भरला
तरी मी अर्ज परत पाठवतो.
आणि जनकगंजातल्या माझ्याच घरात
माझ्याच तारखेवर
कुणीतरी खुशाल आत शिरलेलं.

मृदुला म्हणाली, काढून टाक, आत्ताच्या आत्ता.
भाऊ फोनवर हसला,
अरे, आपण नाही का उडवायचो टिकल्यांची पिस्तुलं?
दोघांचंही मला पटलं.
बावीस वर्षं आवक-जावक केल्यावर
माणसाचं असं होतं.

खरंच उडवायचो.
लाल रिळाचा, जळक्या दारूचा तो वास.
मी विजूला रोज मारायचो,
तो जिन्यावर जीभ काढून पडायचा,
मग उठून चड्डी झटकायचा, म्हणायचा,
चल, आता माझी पाळी.

त्या रात्री निषाद झोपल्यावर
हेडफोन लावून मी बसलो.
दोन मिनिटांत चारदा मेलो.
पाचव्यांदा भिंतीआड एक माणूस दिसला,
वाकलेला, माझ्याकडे पाठ.
दाबलं बटण. पडला.
खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.
दिवसभर ज्यांना ज्यांना "बसा साहेब" म्हटलं
त्या सगळ्यांचं मिळून एकदम बरं वाटलं.
मग मी थांबलो.
कशासाठी, ते आधी कळेना;
तो उठायची वाट बघत होतो.

"वाकून चाला बाबा. उभं राहिलं की मारतात."
निषाद मागे उभा होता, केव्हापासून कोण जाणे.
आवाज समजुतीचा,
मी त्याला भागाकार शिकवताना लावायचो तसा.

मी काहीच ठरवलं नाही.
आठवडाभर गेम तसाच राहिला.
मृदुला ताट जरा जोरात ठेवायची, एवढंच.

मग गुरुवारी सिकरवारची फाइल आली,
परवाना निरस्त करण्यासाठी.
नातवाची वरात, घोडीपुढे नाच,
हवेत म्हणून झाडलेली एक गोळी.
डोक्यावर रोषणाईचा दिवा धरून चालणारा
एक पोरगा.
अहवालात वय : अंदाजे तेरा.
जन्मतारीख : उपलब्ध नाही.
निरस्तचा शिक्का मी मारला.
मंजूरचाही मीच मारला होता;
शाईचा पॅड एकच आहे.

घरी येऊन निषादला बोलावलं,
म्हटलं, तुझी तारीख टाक. तुझी स्वतःची.
त्यानं टाकली. गेम बंद झाला.
"तुम्ही पण तर खेळलात," तो म्हणाला.
हो, म्हटलं.
ते दिव्याच्या पोराचंही सांगितलं,
सांगायला नको होतं बहुतेक.
मृदुलाचं मत, बारा वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगतं का.
तिचंही पटलं.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
पाचव्या दिवशी शाळेचे मोजे चढवता चढवता,
माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,
"पडताना त्याला दिवा खाली ठेवता आला का?"

अहवालात तेवढं नव्हतं.