सातपूर, पावणेदोन

पॅनेल-टेस्टिंगच्या खोलीत
कॉन्फिगर पुन्हा अडलं:
फॉन्टची हेडर फाइल सापडत नाही.
नाही कशी? मीच टाकली ना संध्याकाळी.
शोधली तर शेजारच्याच फोल्डरात
गप बसलेली,
नावात फक्त एक आकडा जास्त.

सोर्समध्ये कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलंय:
"हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये."
मी लावला.
एकशे चौदा एरर. मग नऊ.
मग एकच, बेंडकुळेंच्या स्कूटरसारखी,
किका मारून मारून
आपणच वाकडे होतो.

साडेतीनला खिडकी उघडली.
राखाडी, फुगीर बटणांची, जुन्या वळणाची.
ब्रेकपॉइंट ठेवला, रन म्हटलं
आणि डीबगरच कोसळला.

आता चूक शोधणाऱ्याची चूक
कोणाकडून शोधून घ्यायची?
गांगुर्डे मॅडम थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या,
"ह्याच्या पोटात तो काळ्या पडद्यावरचा म्हातारा आहे ना,
त्यालाच बसव ह्याच्यावर."

बसवला.
त्र्यंबककडची पहिली बस गेली तेव्हा
तो एका ओळीवर थांबला होता, दोनशे सतरा,
आणि दाखवत होता एक व्हेरिएबल
ज्यात कुणी कधी
साधं शून्यसुद्धा ठेवलं नव्हतं.