दोन अंगठ्यांचा हातमोजा

डॉक्टरीण म्हणाली, रात्री हे लावून झोपायचं.
हे म्हणजे प्लॅस्टिकची एक वाटी, भोकाभोकांची,
चहाच्या गाळणीएवढी,
आणि चिकटपट्टीचं रीळ.
सात रात्री. उजव्या कुशीवर वळू नका.
वाकू नका, गोठ्यात जाऊ नका, गवताची धूळ वाईट,
आणि काही झालं तरी डोळा चोळायचा नाही.
मी म्हटलं, झोपेत चोळला तर?
ती हसली. म्हणाली, वाटी त्यासाठीच तर आहे.

तिला माझा हात ठाऊक नाही.
या हातानं झोपेत दोन गजराची घड्याळं फोडलीत.
थोरदीस होती तेव्हा तिनं मधे एक उशी ठेवलेली असायची,
बेचाळीस वर्षं.

मे महिना. आकुरेरीहून परत येताना
रस्त्याच्या कडेला मळका बर्फ अजून तसाच,
आणि घरी एकशे चाळीस मेंढ्या विणीला आलेल्या.
जन्मभर हे तीन आठवडे मी
डोळ्यांत तेल घालून जागलो.
यंदा डोळ्यात थेंब घालून झोपायचं.

हुग्रूननं बँकेतून रजा काढली.
वाटी तीच लावते, तिरकी पट्टी, कपाळापासून गालापर्यंत.
भुवईवर नको, मी म्हणतो. ती बरोबर भुवईवर लावते.
मग आजोबांचा हातमोजा शोधून काढते,
वल्ही मारायचा, मिठानं कडक झालेला,
त्याला दोन अंगठे:
एक बाजू झिजली की उलटा घालायचा
आणि पुन्हा समुद्रात.
तो माझ्या उजव्या हातात चढवते,
मनगटाला गवताच्या गठ्ठ्यांची निळी दोरी,
दोरी पलंगाच्या पायाला.
माजलेला मेंढा असाच बांधतो मी.

रात्र म्हणजे नुसतं घड्याळातलं नाव या दिवसांत.
पडद्याच्या कडांतून उजेड आत सांडतो,
वाटीच्या भोकांतून आत येतो
आणि मिटल्या पापणीवर बसून राहतो,
चाळणीतून पडलेल्या पिठासारखा.
डोळ्यात खडा रुतल्यासारखं खुपतं.
खडा नाहीय, असं सांगितलंय.
मी आढ्याकडे तोंड करून पडतो,
वाफे राखणाऱ्या बुजगावण्यासारखा.

दोन वाजता ती ओरडली.
पहिलटकरीण. आवाजावरून कळतं,
घशातून येत नाही तो, पाठीतून येतो.
मग थांबली. मग नुसतं हुंकारणं.
डोकं आलंय, पाय मागे राहिलाय.
मी डाव्या हातानं गाठ ओढली, सुटेना,
दातांनी सोडवली, दोरीची चव डिझेलची.
खिडकी उघडून ओरडलो,
आधी आत ढकल! मग पाय शोध!
गोठ्यातून उत्तर आलं,
माहीत आहे! खिडकी लावा, वारा लागेल डोळ्याला!

लावली.
कडीवर तो हातमोजा, त्याचा रिकामा अंगठा
कुणाला तरी बोलावत असल्यासारखा बाहेर आलेला.
पलंगावर परत आलो. दोरी कशी बांधायची एका हातानं?
मग हात पाठीखाली घेतला
आणि त्याच्यावर झोपलो,
स्वतःच स्वतःचा कैदी, स्वतःच पहारेकरी.

सकाळी पट्टी निघाली ती भुवईचे चार केस घेऊन.
हुग्रून उंबऱ्यातच थांबली, अंगावर गवताची धूळ म्हणून,
तिथूनच तिनं कोकरू उचलून दाखवलं.
मी डावा डोळा मिटला: पांढरं, निळसर पांढरं,
दुधाच्या भांड्याच्या तळासारखं.
उजवा मिटला: तेच कोकरू, जुन्या लोण्याच्या रंगाचं.
कितीतरी वर्षं मी सगळा कळप
लोण्याच्या रंगाचा समजत होतो.
आणि हिचे केस.
कानामागचे हे कधी झाले असे?
विचारलं नाही.

दुसरं पण आहे, ती म्हणाली.
मी म्हटलं, हो, ते सप्टेंबरात,
मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या की.
ती बघतच राहिली.
दुसरं कोकरू, बाबा. जुळी झालीत.