मागून कोणीतरी येतंय

पहिलं चित्र फसलं.
दोन हात काढले होते,
एक देणारा, एक घेणारा.
छापखान्यातल्या बाद्रीने चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाला, हा खालचा भीक मागतोय.
मी तो हात वर नेला.
आता हिसकावतोय, म्हणाला.
त्या रात्री ठरवलं, हातच काढायचे नाहीत.

ग्लदानीतल्या आमच्या नऊ मजली इमारतीत
लिफ्ट पैसे घेतल्याशिवाय हलत नाही.
लोखंडी डबा, डब्याला फट,
फटीत वीस तेत्री,
मग ती कण्हत कण्हत वर.
आमच्या भाषेत तेत्री म्हणजे पांढरं.
सुटे नसले
की पांढरं पडलेलं तोंड घेऊन जिना.

सातव्या मजल्यावरची एतेरी
बटाट्यांची पिशवी दर दोन मजल्यांवर टेकवते,
आणि कोणी विचारलंच तर
जिन्याची हवा चांगली असते, म्हणते.
तिच्यासाठी, असं स्टिकरवर लिहिता येत नाही.
ती माझं तोंड बघणार नाही पुन्हा.

शब्दांशी आठवडाभर झटापट.
'पुढच्यासाठी एक नाणं ठेवा'
हे नगरपालिकेचं वाटलं.
'कृपया' लावलं तर दवाखान्याचं.
'माणुसकी' मोठ्या अक्षरांत लिहून पाहिलं
आणि मलाच लाज वाटली,
जणू तो शब्द विकायला काढला होता.

शेवटी आमच्या दारातला कुत्रा बसवला,
लोबिओ, कानात पिवळा बिल्ला,
तो लिफ्टमध्ये कोणाबरोबरही चढतो
आणि फुकट जातो.
मान वळवून दाराकडे बघतोय, इतकंच.
खाली तीन शब्द,
मागून कोणीतरी येतंय.
पंजापाशी एक गोल, नाण्याएवढा, रिकामा.

रविवारी चिकटवलं.
डब्यावर पहिलं नाणं माझंच.
सोमवारी गेलं. छान.
मंगळवारी ठेवलं, गेलं.
दोन आठवडे मीच ठेवत होते
आणि कोपऱ्यात सूर्यफुलाच्या बियांची सालं वाढत होती.
तिसऱ्या मजल्यावरचा बेको.
दुकानात बिया नक्की कितीला मिळतात
ते मी मुद्दाम विचारून आले.

घरी येऊन रागाने डोळा काढला.
मोठा, पापणीसकट, काळ्या शाईत.
चांगला जमला होता, हेच वाईट.
बाद्रीने कागद उलटा ठेवला टेबलावर.
हा लावलास तर, म्हणाला,
उद्यापासून चौकीदाराचा पगार माग.
त्याच्या चहात मी तो बुडवला.
चहा त्याचा होता, म्हणून ओरडला.

जानेवारीत गोंद हरला.
स्वस्तातला घेतला होता, बाद्रीने सांगितलंही होतं.
लोबिओ आधी कानापासून सुटला,
मग एका सकाळी पूर्ण गेला,
कोणाच्या बुटाला चिकटून, देव जाणे.
मागे राहिला भिंतीवर एक चौकोन,
बाकी रंगाहून स्वच्छ.

मी नवा छापला नाही.
पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर
जीवही नव्हता त्यात.

फेब्रुवारीत पाहिलं,
त्या चौकोनात कोणीतरी खिळ्याने कुत्रा कोरलाय.
पाच पायांचा. किंवा शेपूट खाली आलीये.
मान मात्र बरोबर वळवलेली.
डब्यावर नाणं.
उचललं तर तुर्की,
बातुमीकडून परतलेल्या कोणाच्यातरी खिशातलं,
ते त्या फटीत जातच नाही.
तरी कोणीतरी ठेवलं होतं.
तरी कोणी उचललं नव्हतं.

माझ्याकडे वीसचं एकच होतं.
त्याच्या शेजारी ठेवलं
आणि जिन्याला लागले.
यात थोरपणा काही नाही,
पाचव्या मजल्यावर मी स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

सहाव्यावर दम खात होते
तेव्हा भिंतीपलीकडून लिफ्ट कण्हत वर गेली.
आत कोणीतरी
बिया फोडत होतं.